‘जेंडर ट्रान्झिशन’ला मराठीत काय म्हणायचं, आणि त्यात नेमकं काय काय येतं?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंनी विचारलं आहे: “धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्यानं घरात सांगितलं, मी मुलगी आहे आणि माझं ट्रान्झिशन सुरू झालंय. वडील म्हणतात, हा लिंगबदलाचं ऑपरेशन करून आला. तो म्हणतो, ऑपरेशन झालेलंच नाही. मग सुरू काय झालं? मराठीत याला म्हणायचं काय? गोळ्या, कागदपत्रं, यात काय सांभाळायचं? आणि राखी पौर्णिमेला सगळे नातेवाईक जमतात, तेव्हा काय करायचं?”

ताई, घोळ एका शब्दापाशी झाला आहे. वडिलांच्या ओळखीचा शब्द ‘लिंगबदल’, आणि त्या शब्दात ऑपरेशन आधीच बसलेलं आहे. तुमची धाकटी जो शब्द वापरते आहे त्याचा आवाका कितीतरी मोठा आहे. (तिनं स्वतःला मुलगी म्हटलं आहे, म्हणून इथून पुढं मी ‘ती’ असंच लिहिते.)

जेंडर ट्रान्झिशन म्हणजे, जन्मल्यावर दवाखान्यात जे लिंग नोंदवलं गेलं त्याप्रमाणे जगणं सोडून, आपण स्वतःला जे ओळखतो त्याप्रमाणे जगायला लागण्याचा सगळा काळ आणि त्या काळातले सगळे बदल. नाव, कपडे, केस, बोलण्यातली क्रियापदं, घरातलं नातं, आधार कार्ड, हार्मोनच्या गोळ्या, शस्त्रक्रिया, हे सगळं त्यात येऊ शकतं आणि यातलं कुठलंही सक्तीचं नाही. कुणी नाव आणि वेश बदलून तिथंच थांबतं. कुणी हार्मोन घेतं पण ऑपरेशन कधीच करत नाही, कारण पैसे नाहीत, तब्येत साथ देत नाही किंवा तशी गरजच वाटत नाही. कुणाचा क्रम उलटा असतो. समजायला सोपं जावं म्हणून सामाजिक, वैद्यकीय आणि कायदेशीर अशा तीन बाजू धरतात. चार मैत्रिणींना नवं नाव सांगितलं आणि घरात तोंड उघडलं, इथं सामाजिक बाजू सुरू झाली. तुमच्या घरात जे सुरू झालंय ते हेच. एक गोष्ट मात्र तिला आजच विचारा, ती गोळ्या घेते आहे का. का विचारायचं ते पुढं येईल.

आता मराठी शब्दाचं. ‘लिंग’ या एका शब्दावर आपण फार ओझं टाकलं आहे. शरीराचा अवयव लिंग, फॉर्मवरचा स्त्री-पुरुष रकाना लिंग, व्याकरणात पुल्लिंग-स्त्रीलिंग-नपुंसकलिंग, आणि सोलापुरात तर सिद्धरामेश्वरांची अडुसष्ट लिंगं. मूळ अर्थ खूण, चिन्ह. पण ‘लिंगबदल’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं अवयवच येतो. म्हणून या कामातली माणसं दोन शब्द वेगळे ठेवतात: शरीराशी जोडलेलं ते लिंग, आणि ‘मी कोण’ ही जाणीव तो लिंगभाव. त्यावरून जेंडर ट्रान्झिशनला ‘लिंगभाव संक्रमण’ म्हणता येतं. शब्द जड आहे, पण अर्थाला बरोबर बसतो. हल्ली ‘संक्रमण’ म्हटलं की रोगाची लागण आठवते, हे खरं. पण आपली संक्रांत त्याच शब्दातून आली आहे. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सूर्य धनूतून मकरेत जातो, सूर्य तोच राहतो. लेखात, अर्जात, भाषणात हा शब्द वापरावा. घरात मात्र ‘ट्रान्झिशन’च म्हणा, सगळ्यांच्या तोंडात सहज बसेल. ‘लिंगबदल’ हा शब्द मी टाळते. ऑपरेशनबद्दलच बोलायचं असेल तर ‘छातीचं ऑपरेशन’, ‘अंडकोष काढण्याचं ऑपरेशन’ असं सरळ नाव घ्यावं, कारण एकच एक असं ‘लिंगबदलाचं ऑपरेशन’ नसतंच.

आजूबाजूचे शब्दही तपासून घ्या. जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेली आणि स्वतःला स्त्री ओळखणारी ती ट्रान्स स्त्री. उलट असेल तो ट्रान्स पुरुष. म्हणजे शब्द ती व्यक्ती स्वतःला काय ओळखते त्यावरून ठरतो. बातम्यांमध्ये हे सर्रास उलटं छापून येतं. ‘आधी मुलगा होता, आता मुलगी झाली’ हे वाक्यही बरोबर नाही. बहुतेक जणी सांगतात की जाणीव लहानपणापासूनची आहे, सांगणं आत्ता झालं. ‘जन्मावेळी नोंद मुलगा अशी होती’ एवढं म्हटलं की पुरे. समलिंगी असणं म्हणजे कोण आवडतं हे. ट्रान्स असणं म्हणजे आपण कोण हे. दोन्ही प्रश्न निराळे. आंतरलिंगी म्हणजे ज्यांच्या शरीराची रचनाच जन्मतः नेहमीच्या स्त्री किंवा पुरुष साच्यात बसत नाही, ते. ‘नपुंसक’ हा शब्द यापैकी कुणालाच लावू नये.

‘तृतीयपंथी’ हा सरकारी कागदांवरचा शब्द. त्यात हिजडा किंवा किन्नर समाज येतो, ज्याची गुरू-चेल्याची स्वतंत्र रीत आहे. ट्रान्स स्त्री असली म्हणजे ती त्या समाजात जाणारच असं नाही. आईवडिलांच्या पोटात हीच भीती असते, की आता ही बाजारात टाळ्या वाजवत फिरणार का. घरचं दार बंद झालं की गुरूचं घर हाच आसरा उरतो, आणि तो आसरा देणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण दार उघडं असेल तर तिचं शिक्षण, नोकरी, यंत्रमागाचा हिशेब, जे चाललं आहे ते तसंच चालू शकतं. आपल्या भागात आणखी एक गल्लत होते, यल्लम्माच्या जोगत्यांची. सौंदत्तीच्या देवीला वाहिलेला, लुगडं नेसणारा, डोक्यावर ‘जग’ (देवीची मूर्ती असलेली टोपली) आणि हातात परडी घेणारा जोगता हे धार्मिक पद आहे. काही जोगते स्वतःला स्त्री मानतात, काही मानत नाहीत, काहींना बायकामुलं असतात. जोगता होणं म्हणजे ट्रान्झिशन नव्हे. पण ‘लुगडं नेसलेला पुरुष’ आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेला आहे, त्यामुळं घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलायला तिथून सुरुवात करता येते.

हा आजार आहे का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण वडील विचारतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, ही गोष्ट मानसिक आजारांच्या यादीतून काढलेली आहे. उपचाराची सोय राहावी म्हणून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ती ‘जेंडर इनकॉन्ग्रुअन्स’ या नावानं ठेवली आहे. नोंदवलेलं लिंग आणि स्वतःची ओळख जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या न जुळण्यानं जो जीव कासावीस होतो त्याला ‘जेंडर डिस्फोरिया’ म्हणतात. ट्रान्स असलेल्या प्रत्येकाला तो सारखा होत नाही. मनोविकारतज्ज्ञाकडं जायचं ते तिला ‘बरं’ करायला नव्हे. नैराश्य, झोप, जिवाला धोका हे पाहायला आणि पुढच्या उपचारांची चिठ्ठी घ्यायला. कुणी ‘झटके देऊन सरळ करतो’ म्हणालं तर उठून या. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं अशा उपचारांविरुद्ध आदेश दिले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं असले उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. आणि कृपा करून ‘लग्न लावलं की ठीक होईल’ या वाटेला घरच्यांना जाऊ देऊ नका. त्यात दुसऱ्या घरच्या मुलीचंही आयुष्य जातं.

बोलण्यात काय बदलतं

मराठीत ट्रान्झिशन सगळ्यात आधी क्रियापदात ऐकू येतं. इंग्रजीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ एकच. मराठीत तोंड उघडलं की लिंग बाहेर पडतं: गेलो-गेले, जातो-जाते, दमलो-दमले, भुकेला-भुकेली. त्यामुळं मराठी घरात राहणाऱ्या ट्रान्स मुलीला दिवसातून शंभर वेळा एक तर स्वतःविरुद्ध बोलावं लागतं, नाही तर सांगून टाकावं लागतं. काही जणी वर्षानुवर्षं ‘जायचंय’, ‘जेवण झालं’, ‘यायला उशीर झाला’ अशी वाक्यं रचत राहतात, ज्यात लिंग दिसत नाही. तुमच्या बहिणीची जुनी वाक्यं आठवून पाहा, कदाचित सापडेल. (कोल्हापूरकडं बायकाही ‘मी जातो’ म्हणतात, त्यामुळं कुणाच्या एका क्रियापदावरून निष्कर्ष काढू नये.)

तुमच्या पूर्व भागात घरची भाषा तेलुगू असेल तर एक सोय आहे. तेलुगूत ‘नेनु वच्चानु’ म्हणजे ‘मी आलो’ही आणि ‘मी आले’ही. अक्कलकोटकडच्या कानडीतही ‘नानु बंदे’ दोघांना चालतं. म्हणजे ती स्वतःबद्दल तेलुगूत बोलते तेव्हा काहीच बदलावं लागत नाही. बदल करायचा तो तुम्ही, तिच्याबद्दल बोलताना: ‘वच्चाडु’च्या जागी ‘वच्चिंदि’, ‘तम्मुडु’च्या जागी ‘चेल्लेलु’. घरात तेलुगूत आणि बाहेर मराठीत बोलणाऱ्यांची जीभ बाहेरच जास्त चुकते, हे ध्यानात ठेवा. चुकलात तर तिथल्या तिथं दुरुस्त करून पुढं बोला. ‘अगं चुकलं बघ, सवयच नाही, माफ कर’ असं लांबवलं की सगळ्यांचं लक्ष तिच्याकडं वळतं. भूतकाळ सांगतानाही आजचंच नाव, आजचंच क्रियापद: ‘ती पाचवीत असताना पडली होती.’ जुनं नाव फक्त कागदाला लागेल तेव्हा. आणि जिथं तिनं अजून सांगितलेलं नाही, उदाहरणार्थ नोकरीवर, तिथं तुम्ही नवं नाव फोडू नका. कुठं कुठं सांगितलंय याची यादी तिच्याकडून घ्या. अनोळखी ट्रान्स स्त्रीला हाक मारायची तर आपल्या बरोबरीच्या बाईला मारतो तशी, ‘ताई’. ‘मावशी’ म्हणण्याची आपल्याकडं रीत आहे, पण विशीतल्या मुलीला ती लागते.

गोळ्या

इथं मी जरा जास्त थांबते, कारण जीव जातो तो इथं. दुकानातून बिनचिठ्ठीच्या गर्भनिरोधक गोळ्या आणून घेणं हा ट्रान्स मुलींमधला सर्रास प्रकार आहे. माला-डीच्या एका गोळीत ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडायॉल आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. लवकर छाती यावी म्हणून अशा चार-पाच गोळ्या रोज घेतल्या जातात. एथिनिल इस्ट्राडायॉल हे बनवलेलं रूप यकृतावर जोरात काम करतं, रक्त गोठवणारे घटक वाढवतं आणि पायातल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जाऊ शकतो. शिवाय रक्तात इस्ट्राडायॉल मोजण्याच्या नेहमीच्या तपासणीत हे रूप दिसतच नाही, त्यामुळं रिपोर्ट पाहून ‘कमी आहे’ असं वाटून गोळ्या आणखी वाढवल्या जातात. एकाच पोटरीला सूज, दुखणं, गरम लागणं. अचानक दम लागणं, छातीत कळ. यापैकी काहीही झालं तर रात्र असो की दिवस, तातडीच्या विभागात जायचं आणि ‘हार्मोन घेते’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. लाजेनं हे वाक्य राहून जातं आणि निदानाला उशीर होतो.

रीतसर उपचारात शरीरात तयार होतं तेच इस्ट्राडायॉल देतात, गोळी, जेल किंवा पॅचमधून. जाड अंग, विडी-सिगारेट, घरात गुठळ्यांचा इतिहास असेल तर कातडीतून जाणारं जेल किंवा पॅच बरं. सोबत पुरुषी हार्मोन दाबणारं औषध. स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर लघवी वाढते, रक्तदाब उतरतो आणि पोटॅशियम चढू शकतं. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना याचा अर्थ असा, की उन्हातून आल्यावर भोवळ येते. साधं पाणी, ताक, लिंबू सरबत भरपूर. पण रोज दोन-तीन शहाळी आणि ‘कमी सोडियम’चं मीठ नको, दोन्हींत पोटॅशियम जास्त. सायप्रोटेरोन दिलं असेल तर मात्रा पाहा. पूर्वी रोज ५० मिलिग्रॅम सहज लिहीत, आता १० मिलिग्रॅमच्या आसपास भागतं असं मानतात. जास्त मात्रा वर्षानुवर्षं घेतल्यास मेंदूच्या आवरणावर गाठ होण्याचा धोका वाढतो.

सुरू करण्याआधी रक्ताची पूर्ण तपासणी, यकृत, मूत्रपिंड, पोटॅशियम, साखर, चरबी, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायॉल, प्रोलॅक्टिन एवढं करून घ्यावं. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी तपासणी, मग वर्षातून एक-दोनदा. लक्ष्य साधारण असं: टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, इस्ट्राडायॉल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. त्याहून वर गेलं म्हणून बदल लवकर होत नाहीत, फक्त धोका वाढतो. छाती भरायला तीन ते सहा महिन्यांनी सुरुवात होते आणि पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. वयात येणाऱ्या मुलीलाही काही वर्षं लागतातच. आवाज गोळ्यांनी बदलत नाही, त्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञाकडं सराव. दाढी जात नाही, केस थोडे बारीक होतात. लेझर करायचं तर चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं सहा-आठ बैठका तरी धराव्यात, आणि आपल्या सावळ्या कातडीला लांब तरंगलांबीचं, एनडी-याग जातीचं यंत्र आहे का हे आधी विचारावं, नाहीतर डाग पडतात.

एक निर्णय सुरुवातीआधीचाच आहे: मूल. हार्मोननं वीर्य कमी होत जातं आणि बंद केल्यावर परत येईलच याची खात्री नसते. पुढं स्वतःचं मूल हवंसं वाटण्याची थोडी जरी शक्यता असेल तर पहिल्या गोळीआधी वीर्य गोठवून ठेवावं.

तपासणीच्या कागदावर एक नेहमीची गडबड होते, ती डोळ्यांत तेल घालून पाहा. लॅबमधला माणूस आधार पाहून ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ टाकतो आणि संगणक त्या लिंगाच्या मर्यादा छापतो. समजा टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाचं हिमोग्लोबिन १६ आलं, आणि कागदावर ‘स्त्री’ आहे. आकडा ठळक होतो, पुढं ‘जास्त’ छापलं जातं आणि घरात रडारड. पुरुषाच्या मर्यादेत तो आकडा अगदी ठीक आहे. तुमच्या बहिणीचं उलट होईल: हिमोग्लोबिन १२.५ आलं आणि कागदावर ‘पुरुष’ असेल तर ‘कमी’ छापून येईल, आणि कुणीतरी लोहाच्या गोळ्या सुरू करील. काही महिने हार्मोन घेतल्यावर हिमोग्लोबिन चालू हार्मोनच्या मर्यादेत वाचायचं असतं. अवयवांची तपासणी मात्र जो अवयव शरीरात आहे त्याप्रमाणे: ट्रान्स पुरुषाला गर्भाशयमुख असेल तर त्याची तपासणी, ट्रान्स स्त्रीला प्रोस्टेट असतेच, तिची वयाप्रमाणे.

ट्रान्स पुरुषांचे घरचेही हे वाचत असतील, म्हणून थोडक्यात. टेस्टोस्टेरॉननं पाळी साधारण सहा महिन्यांत थांबते, पण ते गर्भनिरोधक नाही. पाळी बंद असतानाही दिवस राहू शकतात, आणि गर्भाला ते औषध घातक आहे. आवाज एकदा फुटला की औषध बंद करूनही मागं येत नाही. रक्त घट्ट होतं, म्हणून हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांवर गेलं तर मात्रा थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. छाती दाबायला बाइंडर घालायचा तर दिवसात आठ तासांच्या आत, झोपताना नाही, आणि पाय मुरगळल्यावर बांधतात ती क्रेप बँडेज कधीच नाही. श्वासागणिक ती आवळत जाते, बरगड्या दुखतात. उन्हाळ्यात दुपारी सुती घट्ट बनियनवर भागवलेलं बरं. घामानं छातीखाली नायटा होतो तो महिना महिना जात नाही.

ऑपरेशन

घाई नसावी. मूळ ग्रंथी (अंडकोष किंवा अंडाशय) काढण्याआधी किमान सहा महिने हार्मोन घेऊन पाहावेत, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२२ च्या आवृत्तीत म्हटलं आहे. अनेक सर्जन वर्षभर मागतात. चिठ्ठी एका मनोविकारतज्ज्ञाची लागते की दोघांची, हे प्रत्येक रुग्णालयाचं वेगळं असतं, ते तारीख घेण्याआधी विचारावं. मिश्री, गुटखा, विडी किमान सहा आठवडे आधी पूर्ण बंद. निकोटीननं कातडीचा रक्तपुरवठा घटतो आणि टाके उसवतात. मिश्री ‘दातांसाठी’ म्हणून मोजलीच जात नाही, पण तीही तंबाखूच. योनीरचनेनंतर पहिले काही महिने दिवसातून अनेक वेळा डायलेटर (मार्ग उघडा ठेवणारी कांडी) वापरावा लागतो, चुकवला तर मार्ग आक्रसतो. एकत्र कुटुंबात स्वतंत्र खोली नसेल तर त्याची सोय आधी हवी. पुणे किंवा हैदराबादला ऑपरेशन करून तिसऱ्या दिवशी अडीच-तीनशे किलोमीटर एसटीनं परत येऊ नये. पहिली तपासणी होईपर्यंत तिथंच जवळ राहावं.

अंडकोष काढल्यावर हार्मोन कायम चालू ठेवावे लागतात. शरीरात कुठलंच हार्मोन उरलं नाही तर हाडं ठिसूळ होतात, मणका खचू शकतो. दाईकडून किंवा भोंदूकडून गुपचूप ‘निर्वाण’ (लिंग आणि अंडकोष कापून टाकणं) करून घेतलेल्यांत हे हमखास राहून जातं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि मूत्रमार्ग अरुंद होणं तर वेगळंच. लघवीची धार बारीक झाली असेल तर ‘असंच असतं’ म्हणून सोडू नये, युरॉलॉजिस्टला दाखवावं.

कागदपत्रं

१५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी ऑपरेशनची अट घालणं बेकायदा ठरवलं. नंतर ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीचा २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम आले. पुढचं त्या मूळ कायदा-नियमांप्रमाणे लिहिते आहे. कायद्यात दुरुस्त्या होतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर कुठले नमुने आणि अटी चालू आहेत ते वाचूनच भरा.

मूळ नियमांप्रमाणे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात वर्षभर राहत असाल तर सोलापूरला, पोर्टलवरून ऑनलाइन. नमुना १ अर्ज, नमुना २ शपथपत्र, शारीरिक तपासणीची अट नव्हती, तीस दिवसांत प्रमाणपत्र. त्यावर ‘ट्रान्सजेंडर’ असं लिहिलेलं असतं. ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ असं हवं असेल तर वैद्यकीय उपचारांचा रुग्णालयाचा दाखला जोडून दुसरा अर्ज. अर्ज अडतो तो बहुधा नावावरून. देवनागरीत एक, रोमनमध्ये दुसरं स्पेलिंग, आधारावर वडिलांचं नाव आडनावानंतर, तेलुगू घरांत आडनाव आधी, दाखल्यावर शेवटी. अर्जाआधी एका कागदावर नवं पूर्ण नाव दोन्ही लिपींत, एकाच क्रमानं लिहून ठेवा आणि सगळीकडं तेच अक्षरन्‌अक्षर उतरवा.

प्रमाणपत्र हातात आलं की आधी आधार, मग पॅन, बँक, मतदार यादी, रेशन कार्ड. २०१८ पासून पॅनच्या अर्जात ट्रान्सजेंडर हा स्वतंत्र रकाना आहे. आधारावर नाव साधारणपणे दोनदा आणि लिंग एकदाच बदलता येतं. त्यापुढं अपवाद म्हणून प्रादेशिक कार्यालयाकडं मागावं लागतं. म्हणून आधी ‘ट्रान्सजेंडर’ करून वर्षभरात ‘स्त्री’ करायचा विचार असेल तर आधारला हात लावण्याआधी क्रम ठरवा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रासाठी शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडं जावं लागतं. कामाला वेळ लागतो, म्हणून नोकरीच्या अर्जांआधीच सुरू करावं. उपचारांसाठी आयुष्मान भारतखाली ट्रान्सजेंडर व्यक्तींना वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या संरक्षणाचा करार ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. त्यालाही हेच प्रमाणपत्र लागतं, आणि आपलं ऑपरेशन त्यात बसतं का हे रुग्णालयाकडून लेखी घ्यावं.

राखी पौर्णिमा

मराठीत आणि तेलुगूतही नातं नुसतं नावाचं नसतं, त्याला कामं जोडलेली असतात. तुमच्या मुलांचा मामा आता त्यांची मावशी होते. लग्नात मुलीच्या पाठीशी उभा राहणारा मामा, बारशाला कानात नाव सांगणारी आत्या, ही पदंच इकडची तिकडं होतात, आणि घरातल्यांना त्याचा जो धक्का बसतो तो खरा असतो. मुलांना एकदाच सांगा, ‘ही आता मावशी’. लहान मुलं आठवड्यात शिकतात, मोठ्यांना वर्ष लागतं.

राखी पौर्णिमेच्या दिवशी तुमच्या भागात मार्कंडेय रथोत्सव असतो आणि घरातले पुरुष जानवं बदलतात. तिला ते करायचं नसेल. तिथं सगळ्यांसमोर बोलावून नकार द्यायची वेळ आणू नका. आठ दिवस आधी तिच्याशी बोला, वडिलांशी वेगळं बोला, आणि त्या वेळेला तिच्याकडं दुसरं काम असू द्या, स्वयंपाकघरात तुमच्याबरोबर किंवा रथाच्या गर्दीत पोरांना सांभाळायला. राखीचं म्हणाल, तर ती कुणाला बांधणार आणि तुम्ही तिला बांधणार का, हे तिलाच विचारा. काही जणींना आता बहिणीची राखी नको असते, काही जणींना तीच हवी असते, कारण ती लहानपणापासूनची आहे. एकमेकींना बांधायचं ठरलं तर दोन राख्या आणा.